हौद्याखालचा टर्बो

शेव्हरोले सिल्व्हराडो किंवा जीएमसी सिएरा या अमेरिकी पिकअप ट्रकांच्या काही मालकांनी वीसेक वर्षांपूर्वी एक वेगळीच गोष्ट करायला सुरुवात केली. गाडीला टर्बोचार्जर बसवायचा, पण बॉनेटखाली इंजिनाला चिकटून नाही. मागे, हौद्याखाली, कंपनीने सायलेन्सर टांगला होता त्या जागी. युटा राज्यातली स्क्वायर्स टर्बो सिस्टिम्स ही कंपनी यासाठी तयार संच विकू लागली आणि हौशी मंडळींनी नळ्या कापून, वेल्डिंग करून घरच्या गॅरेजातही तेच करून पाहिलं. इंजिन पुढे आणि त्याला हवा पुरवणारं यंत्र तीन-चार मीटर मागे, अशी ही मांडणी.

हे पहिल्यांदा ऐकणारा मेकॅनिक बहुधा एकच शंका काढतो: एवढ्या लांबून हवा यायला वेळ लागणार, गाडी दाबली तरी उठणार नाही. शंका रास्त आहे, पण हिशोब मांडला की उत्तर वेगळं निघतं. अंतराची किंमत द्यावी लागतेच आणि ती जड असते. मात्र ती नळी हवेने भरायला लागणाऱ्या वेळात फारशी नसते. ती असते वाटेत गमावलेल्या उष्णतेत, आणि त्याहून जास्त परत आणाव्या लागणाऱ्या तेलात. या दोन गोष्टी नीट समजल्या की हौद्याखालचा टर्बो वेडेपणा वाटत नाही आणि जादूही वाटत नाही.

आधी टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात. पेट्रोल इंजिनात जळलेल्या इंधनातली जवळजवळ एक तृतीयांश ऊर्जा गरम धुरासोबत सायलेन्सरमधून बाहेर जाते. टर्बोत एका दांड्याच्या दोन टोकांना दोन चाकं असतात. धूर एका चाकातून, म्हणजे टर्बाइनमधून जाताना ते फिरवतो. दांडा एकच असल्याने दुसरं चाक, म्हणजे कॉम्प्रेसर, तितक्याच वेगाने फिरतं आणि बाहेरची हवा दाबून इंजिनाकडे ढकलतं. मिनिटाला एक लाख फेरे ही या दांड्यासाठी रोजची गोष्ट. जास्त हवा मिळाली की इंजिनाला जास्त पेट्रोल जाळता येतं आणि ताकद वाढते. ही कल्पना स्वित्झर्लंडचा इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी याची, तिचं पेटंट १९०५ चं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉसने कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकवर, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, विमानाचं लिबर्टी इंजिन टर्बोसह चालवून दाखवलं. विरळ हवेत एरवी धापा टाकणारं ते इंजिन समुद्रसपाटीवरची ताकद तिथेही देऊ लागलं.

टर्बो इंजिनापासून लांब नेण्याचा सगळ्यात मोठा दाखला विमानातलाच आहे, आणि दूरच्या टर्बोची थट्टा करणाऱ्यांनी तो जरूर पाहावा. दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकेचं पी-४७ थंडरबोल्ट हे लढाऊ विमान रिपब्लिक एव्हिएशनने बनवलं. त्याचा आराखडा अलेक्झांडर कार्टवेली यांचा. ते मूळचे जॉर्जियातल्या तिबिलिसीचे. पहिलं उड्डाण मे १९४१ मध्ये झालं. नाकात प्रॅट अँड व्हिटनीचं अठरा सिलिंडरचं, २,००० अश्वशक्तीचं इंजिन. टर्बो मात्र वैमानिकाच्याही मागे, शेपटीच्या बाजूला. इंजिनाचा धूर पोटाखालच्या दोन नळ्यांतून मागे जायचा. हवा नाकाखालच्या तोंडातून आत येऊन तीही मागे जायची, तिथे दाबली जायची, इंटरकूलरमध्ये थंड व्हायची आणि कॉकपिटच्या दोन्ही अंगांनी परत पुढे इंजिनात यायची. त्या विमानाचं पोट एवढं फुगीर का, याचं बरंचसं उत्तर या नळ्यांत आहे. अशी १५ हजारांहून जास्त विमानं बनली. १९४४ पासून ब्रिटिश हवाई दलाच्या तुकड्या ती भारतातल्या तळांवर शिकून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर घेऊन गेल्या. सहा टनांहून जड अशा विमानाला उंचावरच्या हवेत वेगवान ठेवणारा टर्बो इंजिनापासून कित्येक फूट लांब होता आणि युद्धभर काम करत राहिला.

मग त्या विमानाला लांबी कशी परवडली? पिकअपला न मिळणारी एक सवलत त्याला होती. आठ किलोमीटर उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या साधारण एक तृतीयांश असतो. टर्बाइनमधून निघणाऱ्या धुराला समोरून फार कमी विरोध होतो. आत जास्त दाब आणि बाहेर फार कमी, त्यामुळे धूर वाटेत थोडा थंड झाला तरी टर्बाइनवर भरपूर काम करून जातो. शिवाय लढाऊ विमानाचं इंजिन मिनिटन् मिनिटं जोरात चालतं. सिग्नलला थांबून निघायचा प्रश्न त्याला नसतो. पिकअपला ही मोकळीक नाही. तिच्या सायलेन्सरबाहेर पूर्ण वातावरणाचा दाब असतो आणि तिचा ड्रायव्हर दर दोन मिनिटांनी ॲक्सिलरेटर सोडतो आणि दाबतो.

आता नळी भरण्याचा हिशोब. सिल्व्हराडोच्या ५.३ लिटर व्ही-८ इंजिनाचं उदाहरण घेऊ. मागच्या टर्बोपासून इंजिनापर्यंत चार मीटर नळी आणि तिचा आतला व्यास ६० मिलिमीटर धरला, तर तिच्यात सुमारे ११ लिटर हवा मावते. बूस्ट, म्हणजे वातावरणापेक्षा जादा दाब, अर्धा बार धरू; गॅरेजच्या भाषेत सात पीएसआय. नळीतला दाब एका वातावरणावरून दीडवर न्यायला साडेपाच लिटरच्या आसपास जादा हवा हवी. आणि हे इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर स्वतःच सेकंदाला नव्वदेक लिटर हवा ओढतं. कॉम्प्रेसरने इंजिनाच्या गरजेपेक्षा फक्त दहा टक्के जास्त हवा पुरवली, तरी नळी अर्ध्या-पाऊण सेकंदात भरते. टर्बो वेगात असेल तर त्याहून कितीतरी लवकर. दाबात झालेला बदल हवेतून आवाजाच्या वेगाने जातो, त्याला चार मीटर पार करायला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. हा उशीर खरा आहे, पण टर्बो लांब नेणं मूर्खपणाचं ठरावं एवढा मोठा नाही. पुढे मोठा इंटरकूलर लावलेल्या कुठल्याही गाडीत कॉम्प्रेसरपासून इंजिनापर्यंतची वाट तशीही लांबच असते.

खरं नुकसान धुराच्या बाजूला होतं. टर्बाइन धुराच्या वाऱ्याने फिरतं अशी आपली समजूत असते, ती अर्धीच बरोबर आहे. टर्बाइनमध्ये धूर जास्त दाबाकडून कमी दाबाकडे प्रसरण पावतो, आणि त्या प्रसरणातून किती काम मिळणार हे त्याच्या तापमानावर ठरतं. पूर्ण ताकदीवर चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळ्यांजवळ, धूर ८७५ अंश सेल्सिअसच्या आसपास असू शकतो. गाडीखालच्या उघड्या नळीतून, वाऱ्याच्या झोतात, तीन मीटर मागे गेल्यावर तो ५२५ अंशांवर आला असं समजा. केवळ तापमानाचं नव्हे, निरपेक्ष तापमानाचं गुणोत्तर पाहायचं असतं, म्हणून दोन्हींत २७३ मिळवायचे: ११४८ आणि ७९८. म्हणजे धुराची काम करण्याची क्षमता वाटेतच तीस टक्के उतरली.

हा तोटा भरून निघतो, पण दुसरीकडून वसूल होऊन. ५,००० फेऱ्यांवर या इंजिनाला अर्धा बार बूस्ट द्यायला कॉम्प्रेसरला साधारण १७ किलोवॅट, म्हणजे तेवीसेक अश्वशक्ती लागते. टर्बाइनची कार्यक्षमता ६५ टक्के धरून मी हिशोब केला, तर ८७५ अंशांच्या धुराला एवढं काम करायला टर्बाइनच्या अलीकडे सुमारे ०.२७ बार जादा दाब पुरतो. ५२५ अंशांच्या धुराला तेच काम करायला ०.४२ बार लागतो. हा दाब इंजिनाच्या पिस्टनांना ढकलावा लागतो, कारण धूर बाहेर काढायचं काम त्यांचं. म्हणजे टर्बो लांब गेला की इंजिन त्याच बूस्टसाठी मागच्या बाजूला दीडपटीहून जास्त रेटा सोसतं. आकडे गाडीगणिक बदलतील, पण दिशा बदलणार नाही.

याखेरीज सिलिंडरमधून धूर सलग येत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. टर्बाइन मॅनिफोल्डला लागून असेल तर त्या धक्क्यांतली ऊर्जाही त्याला मिळते. तीन मीटरच्या नळीत हे धक्के विरून जातात आणि मागे एकसारखा, मवाळ प्रवाह पोचतो.

म्हणूनच मागे बसवायचा टर्बो पुढच्या टर्बोसारखाच निवडून चालत नाही. थंड झालेला धूर आकसतो, त्याचं आकारमानही तीस टक्क्यांनी कमी होतं. त्याच टर्बाइनमध्ये तो सोडला तर वेग पुरत नाही, चाक सुस्त राहतं, आणि मग मालक सगळा दोष नळीच्या लांबीला देतो. टर्बाइनभोवतीच्या शंखाकृती आवरणाचा मार्ग अरुंद निवडायचा, की आकसलेला धूरही जोरात चाकावर आदळतो. धुराची नळी उष्णतारोधक पट्टीने गुंडाळणं किंवा तिच्यावर सिरॅमिकचा थर देणं हे या जोडणीत मला शोभेचं नव्हे, आवश्यक काम वाटतं. नळीत राखलेला प्रत्येक अंश टर्बाइनच्या कामी येतो. पट्टीचा एक दोष मात्र आहे. तिच्यात पाणी अडकून राहतं आणि हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या अमेरिकी राज्यांत साध्या लोखंडाची नळी आतल्या आत गंजून चाळण होते. तिथे स्टेनलेस स्टीलचा खर्च करणं भाग आहे.

परतीच्या नळीचं गणित याच्या उलट. हवा दाबली की तापते. ३० अंशांची हवा दीडपट दाबली तर साधारण ८० अंशांच्या पुढे जाते. ही नळी गाडीखालच्या वाऱ्यात उघडी ठेवली तर थोडी उष्णता वाटेतच निघून जाते, म्हणून दूरच्या टर्बोला इंटरकूलर लागतच नाही असा दावा काही वेळा केला जातो. कमी बूस्टवर, थंड हवेत आणि रिकाम्या गाडीला तो चालून जाईल. पण गुळगुळीत नळी आणि पातळ पत्र्यांनी भरलेला इंटरकूलर यांत थंड होण्याच्या पृष्ठभागाचा फरक फार मोठा आहे. पिकअप हे ओझं ओढायचं वाहन आहे, आणि मागे ट्रेलर लावून उन्हाळ्यात चढ चढायचा असेल तर मी इंटरकूलर वगळायला कधीच सांगणार नाही. तापलेली हवा सिलिंडरमध्ये गेली की पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटतं, नॉकिंग होतं, आणि नॉकिंगने पिस्टन फुटतात. ही जुनी अडचण आहे. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये, म्हणजे टर्बोसह विक्रीला आलेल्या अगदी पहिल्या मोटारींपैकी एकीत, नॉकिंग टाळायला पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण हवेत फवारावं लागायचं.

मोठ्या कंपन्या मात्र नेमक्या उलट दिशेला गेल्या आहेत. २०११ च्या मॉडेलपासून फोर्डच्या सुपर ड्यूटी पिकअपमध्ये आलेल्या ६.७ लिटर डिझेल व्ही-८ चं एक्झॉस्ट बाहेरच्या अंगाला नाही, सिलिंडरांच्या दोन्ही रांगांमधल्या खोबणीत उघडतं आणि टर्बो तिथेच, इंजिनाच्या मधोमध बसतो. धूर थंड व्हायला जागाच ठेवलेली नाही. नवं इंजिन कोऱ्या कागदावर काढायचं असेल तर हेच बरोबर, यात वादच नाही. पण हौद्याखाली टर्बो टांगणाऱ्याकडे कोरा कागद नसतो. त्याच्याकडे दहा-बारा वर्षं वापरलेली गाडी असते, भरलेलं बॉनेट असतं आणि मोजके पैसे असतात.

त्याची बाजू अशी. व्ही-८ इंजिनाला पुढे टर्बो लावायचा तर दोन्ही बाजूंचे मॅनिफोल्ड नव्याने घडवायचे, बॅटरी किंवा एसीचे पाइप हलवायचे, स्टीअरिंगच्या दांड्यातून वाट काढायची, आणि लालभडक तापणाऱ्या टर्बोच्या आजूबाजूच्या वायरी व ब्रेकच्या नळ्या जपायच्या. हौद्याखाली मात्र चासीच्या दोन तुळयांमध्ये ऐसपैस जागा असते, आणि दोन्ही बाजूंचा धूर कंपनीनेच एका नळीत आणून दिलेला असतो. ती नळी कापली की टर्बोची जागा तयार. पिकअपची चासी उंच असल्याने खालून काम करणंही सोपं. सायलेन्सर काढला तरी टर्बाइनच आवाज बराच मारतं. बॉनेटखालची उष्णता वाढत नाही.

आणखी एक फायदा, ज्याकडे मला वाटतं पुरेसं लक्ष जात नाही, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा आहे. धुरातले विषारी वायू निवळणारा हा भाग अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्यावरच नीट काम करतो, म्हणून कंपन्या तो इंजिनाच्या जवळ बसवतात. टर्बो पुढे घातला की तो कन्व्हर्टरच्या आधी येतो, सुरुवातीची उष्णता टर्बोचं जड बीड पिऊन टाकतं आणि गार इंजिनाचा सकाळचा धूर जास्त वेळ निवळल्याविना जातो. अनेक जण तर अशा वेळी कन्व्हर्टर काढूनच टाकतात. तो प्रकार अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यानुसार बेकायदा आहे आणि शेजाऱ्यांच्या फुप्फुसांवर अन्यायही आहे. मागचा टर्बो धुराच्या वाटेत कन्व्हर्टरनंतर येतो. कन्व्हर्टर आणि त्याचे ऑक्सिजन सेन्सर जागचे हलत नाहीत. तरी कायद्याची बाब तेवढ्याने मिटत नाही. कॅलिफोर्नियात अशा जोडणीला तिथल्या हवा मंडळाची स्वतंत्र मंजुरी लागते.

आता तेल. हौद्याखालचे टर्बो जिथे फसतात ती जागा मला विचाराल तर बहुतेक वेळा ही आहे. टर्बोचा दांडा साध्या बेअरिंगमध्ये तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. हे तेल इंजिनाचंच. इंजिनाचा पंप ते दाबाने पाठवतो, ते बेअरिंगमधून जाताना घुसळून फेसाळतं आणि मग कुठल्याही दाबाशिवाय, केवळ स्वतःच्या वजनाने, खाली इंजिनाच्या चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या तेलाच्या टाकीत, पडतं. पुढे बसवलेला टर्बो चेंबरपेक्षा उंचावर असतो, त्यामुळे एक जाड, सरळ खाली जाणारी नळी पुरते. मागे बसवलेला टर्बो चेंबरच्या पातळीला किंवा त्याहून खाली असतो. तेल चढ चढून आपणहून परत जाणार नाही.

म्हणून टर्बोखाली विजेवर चालणारा एक छोटा पंप लावतात. तो तेल ओढून तीन मीटर पुढे नेतो आणि चेंबरच्या वरच्या भागात किंवा इंजिनाच्या तेल भरायच्या झाकणातून परत सोडतो. या पंपाला गरम, फेस आलेलं तेल ओढायचं असतं, हवा आणि तेल एकत्र. डिझेल किंवा पाण्यासाठी केलेला स्वस्त पंप इथे टिकत नाही. कडाक्याच्या थंडीत सकाळी तेल घट्ट असतं, तेव्हा त्याच्यावर आणखी ताण येतो. आणि तो बंद पडला तर ड्रायव्हरला पुढे बसून काहीच कळत नाही. टर्बोच्या दांड्यावरचे सील रबरी बुचासारखे घट्ट नसतात. पिस्टनच्या रिंगांसारख्या पातळ कड्या असतात, आणि त्या तेल तेव्हाच अडवतात जेव्हा खालची वाट मोकळी असते. वाट तुंबली की तेल टर्बाइनमध्ये शिरतं आणि मागून निळसर धुराचे लोट निघू लागतात. हे दिसलं आणि गाडी थांबवली तर बरं. नाही थांबवली तर इंजिनाचा पंप तेल मागे पाठवत राहतो, परत काहीच येत नाही, चेंबर रिकामा होतो. बिघडलेल्या छोट्या पंपापायी अख्खं इंजिन जातं.

यावर उपाय आहेत आणि ते महाग नाहीत. परतीच्या नळीत तेल वाहतंय की नाही हे सांगणारा स्विच आणि डॅशबोर्डवर एक दिवा. पंपापुढे जाळी. तेल देणाऱ्या नळीत आकुंचन, म्हणजे गरजेपुरतंच तेल जाईल. इंजिन बंद झाल्यावर नळीतलं उरलेलं तेल टर्बोत झिरपू नये म्हणून एकदिशा झडप. आणि पंप इग्निशनशी जोडायचा, हाताने लावायच्या बटणाशी नाही. बूस्ट वाढवायच्या गप्पा तासन्‌तास होतात आणि तेलाच्या परतीला शेवटच्या दिवशी मिळेल तो पंप लावला जातो, याचं मला खरोखर वाईट वाटतं. ज्याने या जोडणीसाठी पैसे काढून ठेवले असतील, त्याने त्यातला पहिला हिस्सा या परतीच्या वाटेवर खर्च करावा.

हवेचा फिल्टर कुठे बसवायचा हाही प्रश्न आहेच. टर्बोच्या तोंडाशीच लावला तर तो मागच्या चाकाजवळ येतो, आणि ते चाक धूळ, खडी, चिखल नेमका तिथेच उडवतं. एक लाख फेऱ्यांनी फिरणाऱ्या ॲल्युमिनियमच्या चाकाला वाळूचा कणही पाती झिजवायला पुरतो. खोल पाण्यातून गाडी गेली आणि फिल्टर बुडाला तर पाणी थेट इंजिनाच्या वाटेला लागतं. हौद्याच्या बाजूच्या पोकळीत, चाकाच्या कमानीच्या वर, फिल्टर नेणं शहाणपणाचं.

इंजिनाच्या बाजूची कामं पुढच्या टर्बोला जी लागतात तीच, म्हणून भरभर सांगतो. जादा हवेला जादा पेट्रोल हवं, म्हणून मोठे इंजेक्टर आणि जोरदार पंप. साध्या वेळी एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा चालते. बूस्टखाली तीच साडेअकरा-बारा भागांवर आणावी लागते. प्रज्वलन थोडं उशिरा, म्हणजे संगणकाचं पुन्हा ट्यूनिंग. हवेचा सेन्सर कंपनीने पुढच्या फिल्टरजवळ ठेवलेला असतो. तो आता दाबलेल्या हवेच्या वाटेत, इंजिनाजवळ हलवायचा, नाहीतर दाबावरून हवा मोजणारी पद्धत वापरायची. ५.३ लिटरच्या या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि दणकट, म्हणूनच तो हौशी लोकांचा लाडका आहे. पण त्याच्या पिस्टनच्या रिंगांच्या टोकांतली फट टर्बोच्या उष्णतेसाठी ठेवलेली नसते. रिंग तापून वाढली, टोकं एकमेकांना भिडली, की पिस्टनच्या कडेचा तुकडाच उडतो. आणि वीसेक वर्षांपूर्वीच्या सिल्व्हराडोतला ४एल६०ई हा चार गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स कंपनीच्या ताकदीलाच जेमतेम पुरतो. वाढलेला टॉर्क पहिल्यांदा त्याच्या क्लचांना झोंबतो. त्यामुळे सात पीएसआयच्या पुढे जाण्याआधी मी गिअरबॉक्सची विचारपूस करीन.

अशी गाडी चालवायला कशी लागते, हे वरच्या उष्णतेच्या हिशोबावरून ओळखता येतं. थंड सकाळी पहिल्या दोन-तीन किलोमीटरला टर्बो सुस्त, कारण नळीचं लोखंडच आधी तापायचं असतं. शहरात थांबत-निघत जाताना बूस्ट जरा मागून येतो. मात्र महामार्गावर ट्रेलर ओढत लांब चढाला लागलं की नळी तापून असते, धूर सलग येत राहतो आणि मागचा टर्बो पुढच्यासारखाच जागा राहतो. पिकअपच्या कामाशी हा स्वभाव बऱ्यापैकी जुळतो. आणि शहरातली सुस्तीही फारशी जाचत नाही, कारण ५.३ लिटरचं इंजिन टर्बोची वाट न पाहताच गाडी हलवण्याइतकं ताकदवान आहे. बूस्ट येईपर्यंत ते स्वतःच्या जोरावर वेळ मारून नेतं.

इथेच हे कळतं की ही मांडणी आपल्याकडच्या पिकअपला का जुळणार नाही. बोलेरो पिकअपचं डिझेल इंजिन अडीच लिटरचं, चार सिलिंडरचं. १,५०० फेऱ्यांवर ते अमेरिकी व्ही-८ च्या निम्म्याहूनही कमी हवा ओढतं. डिझेलचा धूर पेट्रोलपेक्षा मुळातच थंड असतो आणि हलक्या ओझ्यावर तर बराच थंड. हा थोडा, थंड धूर तीन मीटर मागे नेला तर टर्बाइनपर्यंत काम करण्यासारखं फार थोडं उरेल, आणि टर्बोशिवाय एवढं छोटं डिझेल भरलेल्या गाडीला घाटात कसं ओढेल हे कोणत्याही ड्रायव्हरला विचारा. म्हणून या गाड्यांत कंपनीनेच टर्बो मॅनिफोल्डला चिकटवून दिलेला असतो, आणि तो तिथेच राहिलेला बरा. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळी ठरेल अशी फेरफार केलेली गाडी आपल्याकडे चालवता येत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि जुनी सिल्व्हराडो दारात असलेल्या मराठी वाचकाला मात्र हा प्रयोग खुला आहे. त्याने आधी आपल्या राज्याची धूर-तपासणी काय म्हणते ते पाहावं, मग तेलाच्या परतीच्या पंपाची किंमत काढावी, आणि त्यानंतरच टर्बो कोणता घ्यायचा या प्रश्नाकडे वळावं.